‘शट डाउन’चा अर्थ मी सांगितला होता

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये मी सव्वीस वर्षं लोकांना इंग्रजी बोलायला शिकवलं. त्यातले किती जण खरोखर बोलायला लागले असं कुणी विचारलं, की मी विषय बदलते. क्लासच्या पाटीवर ‘साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असं लिहिलेलं होतं. त्यातले साठ दिवस खरे होते.

क्लास माझा नव्हता. तो लछमनसेठचा होता. त्यांचं खाली चेन, बटणं आणि अस्तराचं होलसेल दुकान, आणि वरचा मजला रिकामा. रिकाम्या जागेत उंदीर होण्यापेक्षा इंग्रजी झालेलं बरं, एवढ्या उदात्त हेतूने त्यांनी क्लास काढला. स्वतः त्यांनी आयुष्यात कधी इंग्रजी वाक्य उच्चारलं नाही. मी एकदा म्हटलं, सेठ, तुम्ही पण बसा ना एका बॅचला. तर म्हणाले, “मॅडम, मैं बटन बेचता हूँ, पहनता थोड़ी हूँ सब.” बी.ए., बी.एड. होऊन मला कुठल्या शाळेने घेतलं नव्हतं, त्यामुळे या युक्तिवादावर बोलण्याच्या परिस्थितीत मी नव्हते.

बाहेरच्यांना वाटतं, आमच्याकडे लोक इंग्रजी शिकायला येतात. तसं नसतं. माणूस कुणासमोर तरी कधीतरी गप्प बसलेला असतो, आणि ते त्याला लागलेलं असतं, म्हणून तो येतो. मुलाच्या शाळेत मीटिंगला गेलेली आई, सुरतेच्या पार्टीचा फोन आला की पुतण्याला हाक मारणारा दुकानदार, इंटरव्ह्यूमध्ये ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्यावर घाम फुटलेला इंजिनियर. आम्ही त्यांना पहिले दहा दिवस नाव, गाव, छंद सांगायला शिकवतो. त्यांना छंद नसतात, मग तेही आम्हीच देतो. रीडिंग आणि गार्डनिंग. कॅम्प एकच्या चाळीत एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या कितीतरी जणांना मी गार्डनिंगचा छंद लावला आहे. पुढे काळ येतात, आणि काळ आले की निम्मी बॅच जाते. उरतात त्यांना फ्रेझल व्हर्ब.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे साध्या क्रियापदाच्या मागे अप, डाउन, ऑफ, आउट असा एवढासा शब्द चिकटतो आणि अर्थ भलतीकडेच निघून जातो. यातला ‘बंद’ करायच्या क्रियापदांचा तास माझा खास आवडीचा होता. आपण मराठी माणसं एका ‘बंद’वर जन्म काढतो. दुकान बंद, नळ बंद, रस्ता बंद, तोंड बंद, शेजारणीशी बोलणं बंद. इंग्रजांना तेवढ्यावर चैन पडत नाही. मी बॅचला खिडकीशी न्यायचे आणि खालचा बाजार दाखवून शिकवायचे. संध्याकाळी आवराआवर करून दुकान बंद करतो ते ‘क्लोज अप’. धंदा बसला आणि दुकान कायमचं गेलं, तर ‘क्लोज डाउन’. काँक्रीटसाठी गल्ली अडवली, तर ‘क्लोज ऑफ’. पाणीपुरवठा तोडला, तर ‘शट ऑफ’, त्याचं उदाहरण शोधायला खिडकीतून बघायचीही गरज नसे. राहिलेला माल काढून टाकून मोकळं व्हायचं, किंवा खातं मिटवायचं, तर ‘क्लोज आउट’. सगळा पसारा गुंडाळायचा, तर ‘वाइंड अप’. मालकाने कामगारांना गेटबाहेर ठेवलं, तर ‘लॉक आउट’. ‘शट अप’ शिकवावं लागत नसे, ते घरूनच येत असे.

समोर चादरी-टॉवेलवाले गोपालदास होते. दोन बॅच बसले आणि स्वतःच्या हिमतीवर पाटी रंगवून घेतली, ‘वी शट अप अ‍ॅट नाइन’. मी खाली जाऊन समजावलं की याचा अर्थ आम्ही नऊ वाजता थोबाड बंद करतो असा होतो. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, पढ़ा-लिखा आदमी देखता है, हँसता है, फोटो निकालता है, फिर शरम से एक चादर ले जाता है. इसमें ग्रामर किधर बीच में आया?” ती पाटी अजून तिथे आहे. माझ्या सगळ्या शिकवण्यातली सगळ्यात टिकाऊ गोष्ट तीच.

आता ज्या प्रसंगासाठी लिहायला बसले तो सांगते.

काही वर्षांपूर्वी सकाळच्या बॅचला बबन भोईर नावाचे गृहस्थ आले. वय सत्तेचाळीस. राहणार बदलापूरजवळचं जांभूळ. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंगांची रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत ते तेवीस वर्षं रिअ‍ॅक्टर चालवत होते. रिअ‍ॅक्टर म्हणजे मोठं बंद पातेलं, त्यात रसायनं शिजतात. माणूस धिप्पाड, हाताची नखं कायमची निळी-जांभळी, आणि बाकावर बसायचे ते अगदी टोकाला, बाकाला त्रास नको म्हणून.

“कशासाठी शिकायचं आहे?” मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“म्याडम, कंपनी नव्या लोकांनी घेतली,” ते म्हणाले. “दर सोमवारी सेफ्टीची मीटिंग इंग्लिशमंदी. मी तेवीस वरसं त्यो रिअ‍ॅक्टर चालवतंय. कालचा पोरगा मला सांगतो व्हॉल्व कसा फिरवायचा, नं तो चूक सांगतो. मला फक्त एवढा बोलता आला पायजे, का तुमचा चुकतंय.”

“यू आर राँग,” मी म्हटलं. “एवढंच. झालं तुमचं काम.”

“तसा नाय. राग नाय आला पायजे त्याला.”

सव्वीस वर्षांत इतकी अवघड मागणी घेऊन आलेला दुसरा विद्यार्थी मला आठवत नाही. मी त्यांना ‘आय थिंक, सर, देअर इज अ स्मॉल मिस्टेक’ हे वाक्य दिलं. ते त्यांनी चार दिवस घोकलं. पाचव्या दिवशी मीटिंगमध्ये म्हणाले आणि पोरगा खरंच थांबून ऐकायला लागला. भोईरदादा दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी घरची काकडी घेऊन आले. त्या दिवसापासून मी काहीही सांगितलं तरी त्यांच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ झाली. मला ते फार आवडलं. शिक्षकाला आवडतंच.

ते बंदच्या तासालाही होते. मी ‘शट डाउन’ आणि ‘क्लोज डाउन’ यांतला फरक फळ्यावर ठळक लिहिला होता. क्लोज डाउन म्हणजे कायमचं बंद. शट डाउन म्हणजे यंत्र किंवा कारखाना काम थांबवून बंद ठेवणं, पुन्हा सुरू करण्यासाठी. भोईरदादांनी मान डोलावली. त्यांच्या कंपनीत दरवर्षी साफसफाईला प्लांट आठ-दहा दिवस थांबायचा, त्याला सगळे शटडाउनच म्हणायचे.

खरी गोष्ट अशी आहे की ‘शट डाउन’ दोन्ही अर्थांनी चालतं. तात्पुरतं बंद, आणि कायमचं बंदही. हे मला माहीत होतं. पण दोन अर्थ सांगितले की पोरं गोंधळतात, प्रश्न विचारतात, तास लांबतो. म्हणून क्लासच्या छापील नोट्समधून मी दुसरा अर्थ काढून टाकला होता. नोट्स मीच लिहायचे. सोप्या आणि सुटसुटीत असतात म्हणून त्या अंबरनाथपर्यंत झेरॉक्स होऊन जायच्या. मला त्याचाही अभिमान होता.

एका शुक्रवारी तास चालू असताना भोईरदादांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला. ते कंपनीच्या गेटवर होते. मागे बरीच माणसं बोलत होती.

“म्याडम, नोटीस लागलीय. बघा ना जरा. पोरं घाबरल्यात.”

मी फळ्याजवळ उभी राहूनच फोटो उघडला. पहिली ओळ मोठ्या अक्षरांत होती. ‘द प्लांट विल बी शट डाउन फ्रॉम मंडे फॉर अपग्रेडेशन.’ मला हसू आलं. माझ्याच तासातलं उदाहरण गेटवर लागलं होतं.

“काही घाबरू नका,” मी म्हटलं. “शट डाउन लिहिलंय, क्लोज डाउन नाही. आपण शिकलो ना? नवीन मशिनरी बसवतील आणि सुरू करतील.”

“म्हंजे उघडनार?”

“उघडणार.”

“नं म्याडम, खाली दुसऱ्या लायनीत ‘वूंड’ असा कायतरी लिवलंय. वूंड म्हंजे जखम ना? कुनाला लागलंय का?”

समोर वीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “सेफ्टीचं काहीतरी असेल. ते उद्या बघू,” आणि फोन ठेवला. मग त्या वीस मुलांना सांगितलं, पाहा, भाषा नीट येत असली की माणूस कसा निर्धास्त राहतो.

दुसरी ओळ मी वाचली नाही. दुसऱ्या दिवशीही वाचली नाही. भोईरदादांनी पुन्हा विचारलं नाही, कारण मॅडमनी सांगितलं होतं.

कंपनीत बेचाळीस कायम कामगार होते. त्यांच्यातल्या दोघातिघांचं म्हणणं होतं की लगेच कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज टाकावा. भोईरदादांनी त्यांना थांबवलं. आमच्या म्याडमनी वाचलंय, उघडनार. मग देशावरचे होते ते गावी गेले, कोकणातले घरं शाकारायला गेले, भोईरदादांनी चुलीसाठी भाताचं तूस भरून ठेवलं. सगळे सुट्टी लागल्यासारखे पांगले.

अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज अगदी हळू होता.

“म्याडम, ट्रेलर आल्यात.”

“कसले?”

“माजा रिअ‍ॅक्टर उचलला. क्रेनन. आता ट्रेलरवर बांधतायत. वॉचमनला विचारला कुटं चाललाय, तर बोलला गुजरात.” मग ते म्हणाले, “नवा बसवायचा आसंल तर जुन्याचा पाया कशाला फोडतील?”

मी तो फोटो शोधून काढला. दुसरी ओळ वाचली. ‘ऑपरेशन्स अ‍ॅट धिस साइट विल बी वाउंड अप इन फेझेस.’ या जागेवरचं काम टप्प्याटप्प्याने गुंडाळण्यात येईल. ‘वाइंड’चा भूतकाळ ‘वाउंड’, आणि त्याचं स्पेलिंग जखमेसारखंच असतं. भोईरदादांनी ती बरोबर वाचली होती म्हणायची.

मी लछमनसेठना सांगून रिक्षा केली आणि अंबरनाथला गेले. दुपारचं ऊन होतं. गेटबाहेर पंधरा-वीस माणसं उभी होती. भोईरदादांनी ओळख करून दिली, “या आमच्या म्याडम.” मी तिथेच सांगितलं की माझी चूक झाली, दुसरी ओळ मी वाचली नव्हती, आणि तिचा अर्थ कंपनी कायमची बंद होतेय असा आहे. भर रस्त्यात चूक कबूल करण्याचा मला सराव नव्हता. वर्गात चूक झाली तर मी डस्टर फिरवायचे.

तेवढ्यात आतून एक माणूस कागदांचा गठ्ठा घेऊन आला. प्रत्येकाला एकेक फॉर्म. सही करा, चेक आत तयार आहे. फॉर्म अर्थातच इंग्रजीत. या वेळी मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचला. मधोमध एक ओळ होती, ‘आय क्लोज आउट ऑल माय क्लेम्स अँड लीव्ह ऑफ माय ओन विल.’ माझे सगळे हक्काचे दावे मी मिटवतो आणि स्वखुशीने नोकरी सोडतो.

यातली मेख मला तिथल्याच एका जुन्या कामगाराने समजावली. कारखाना कायमचा बंद करायचा तर मालकाला सरकारला कळवावं लागतं आणि माणसांना भरपाई द्यावी लागते. पण कारखाना नुसता थोडे दिवस थांबलाय, आणि तेवढ्यात माणसंच आपखुशीने निघून गेली, तर भरपाई कसली? नोटिशीच्या पहिल्या ओळीत प्लांट थांबला, फॉर्मच्या मधल्या ओळीत माणसं गेली. इंग्रजी फार काटकसरीने वापरलं होतं.

“सही करू नका,” मी म्हटलं.

पवार नावाचे एक जण होते, मूळचे साताऱ्याकडचे, बदलापूरला राहणारे. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मागच्या वेळी पण याच बोलल्या होत्या ना?”

भोईरदादा फॉर्म हातात धरून उभे होते. ते म्हणाले, “बोलल्या ना. चुकल्या, म्हनून इथं उन्हात उभ्या हायेत आपल्याबरोबर. ज्यांनी लिवलं ते आत एसीमंदी बसल्यात.” त्यांनी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. “मी सही नाय करत.”

गावी गेलेले परत आल्यावर हिशेब असा झाला, पंचवीस जणांनी सही केली नाही. सतरा जणांनी केली. पवारांनी केली. मुलीच्या कॉलेजची अ‍ॅडमिशन होती, आणि माझ्या शब्दावर दुसऱ्यांदा थांबायची त्यांची तयारी नव्हती. त्यांच्या जागी मी असते तर मीही थांबले नसते.

उरलेल्यांनी अर्ज केला आणि महिन्याभराने कामगार अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. कामगारांचा वकील म्हणाला, नोटीस वाचून सांगणाऱ्या बाई आल्या तर बरं. म्हणजे साक्षीदार म्हणून गुन्हेगारच हवा होता. मी गेले.

ऑफिसच्या व्हरांड्यात एक टापटीप तरुण समोरून आला, गळ्यात आयकार्ड, हातात फाइल. त्याने थांबून वाकून माझ्या पायांना हात लावला.

“मॅडम, ओळखलंत? नीलेश. संध्याकाळची बॅच. तुमच्यामुळे आज आहे मी.”

मला तो लगेच आठवला. अंबरनाथचा, वडील रिक्षा चालवायचे. साठ दिवसांत खरोखर फाडफाड बोलायला लागलेल्या मोजक्या मुलांतला. मी आनंदाने विचारलं, काय करतोस? तर म्हणाला एचआरमध्ये आहे, नोटिसा-पत्रं सगळी मीच लिहितो, आणि कंपनीचं नाव सांगितलं. नोटीस लिहिणारा हाच. माझ्यामुळे आज आहे असं जे तो म्हणाला, त्यात तसूभर अतिशयोक्ती नव्हती.

अधिकारी मध्यमवयीन होते, सभ्य आणि दमलेले. त्यांनी नोटीस पुढे सरकवली आणि मला अर्थ विचारला. मी दुसरी ओळ वाचून दाखवली आणि म्हटलं, कंपनी गुंडाळताहेत. नीलेश अत्यंत अदबीने उठला.

“सर, मॅडम माझ्या गुरू आहेत, त्यांच्याविरुद्ध बोलायला मला संकोच वाटतो. पण ‘इन फेझेस’ म्हणजे कामाचा एक टप्पा आवरतोय, एवढंच. मुख्य शब्द ‘शट डाउन’ आहे. आणि शट डाउन तात्पुरतं असतं, हे मला मॅडमनीच शिकवलंय.” त्याने फाइलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. “या त्यांच्या छापील नोट्स.”

पिवळट झेरॉक्स होती. ‘शट डाउन – काम थांबवणे, पुन्हा सुरू करण्यासाठी.’ खाली माझ्याच हाताची दुहेरी रेघ.

अधिकाऱ्यांनी ती वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बाई, हे तुमचंच आहे?”

“माझंच आहे,” मी म्हटलं. “आणि ते अर्धवट आहे. शट डाउन कायमचंही असतं. मला माहीत होतं. शिकवायला सोपं पडावं म्हणून मी ते गाळलं.”

वकिलाने कपाळाला हात लावला. नीलेश खाली बघायला लागला. त्याला वाईट वाटलं असावं असं मी धरून चालते.

त्यानंतर वीस मिनिटं त्या खोलीत इंग्रजीचा तास झाला. नीलेश आणि मी, शट डाउन आणि वाइंड अप, फेझ आणि अपग्रेडेशन. नीलेशचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार होतं. अधिकारी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चहावर साय धरली होती. ते कंटाळून तारीख देणार, हे दिसत होतं.

मागच्या भिंतीशी बसलेले भोईरदादा उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. मग मी शिकवल्याप्रमाणे हात पुढे बांधून म्हणाले, “सर, आय थिंक देअर इज अ स्मॉल मिस्टेक.”

सगळे वळले.

“मशीन गॉन, सर,” भोईरदादा म्हणाले. “हाऊ ओपन?”

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगायला लाज वाटते. ‘द मशीन्स हॅव गॉन’ असं पाहिजे, हे आलं. सव्वीस वर्षांची सवय.

अधिकाऱ्यांनी नीलेशला विचारलं, “मशिनरी कुठे आहे सध्या?”

“सर, ती ट्रान्झिटमध्ये, म्हणजे अपग्रेडेशनच्या प्रोसेससाठी...”

“मराठीत सांगा.”

मराठीत त्याला ते सांगता येईना. मराठीत ते वाक्य फार छोटं होत होतं. भोईरदादांच्या मोबाइलमध्ये ट्रेलरचे आणि फोडलेल्या पायाचे फोटो होते. अधिकाऱ्यांनी ते एकेक करून पाहिले आणि लेखनिकाला सांगितलं, लिहा, कारखाना कायमचा बंद.

एका दिवसात सगळं सुटलं असं नाही. आणखी तीन-चार तारखा पडल्या, कंपनीचा मोठा वकील आला, पण पंचवीस जणांना बंदची भरपाई मिळाली. सतरा जणांना मिळाली नाही. सही त्यांची होती, आणि स्वखुशी या शब्दाला दोन अर्थ नव्हते. पवार पुढे बदलापूरला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. मीही तिथेच राहते, एकदा भाजी घेताना समोर आले. मी थांबून बोलायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, “सोडा मॅडम, तुम्ही दुसऱ्यांदा बरोबर होतात. माझंच चुकलं.” ते टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. त्या वाक्याने माझी अजून झोप उडते.

नीलेश पुन्हा भेटला नाही. त्या मुलाचा मला राग यावा तसा येत नाही. वडिलांची रिक्षा त्याने विकायला लावली होती, त्यांना आरामात घरी बसवलं होतं. नोटीस लिही म्हटल्यावर त्याने लिहिली, आणि लिहिली मात्र उत्तम. व्याकरणाची एकही चूक नव्हती. ‘अर्थ बरोबर असून माणसं फसू शकतात’ असा धडा माझ्या अभ्यासक्रमात नव्हता, ही उणीव माझी.

नोट्स मी नव्याने लिहिल्या. चार पानं वाढली. लछमनसेठ झेरॉक्सच्या खर्चावरून कुरकुरले, “मॅडम, बंद करने के लिए इतना पेपर?” पुढे लोक मोबाइललाच विचारायला लागले, क्लासला कुणी येईना, आणि वरच्या मजल्यावर मोबाइलच्या कव्हरांचं गोडाऊन झालं. सेठनी मला शाल दिली आणि हिंदीत भाषण केलं.

भोईरदादा जांभूळच्या बाजूला एका ठेकेदाराकडे पंप चालवायला लागले. क्लासचे राहिलेले बावीस दिवस पूर्ण करायला ते आले नाहीत. मीही बोलावलं नाही, कुठल्या तोंडाने बोलावणार? पण गेल्या वर्षी त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण घेऊन ते बदलापूरला घरी आले. नको म्हणायची सोय नव्हती.

भर दुपारी मांडवात दोनेकशे माणसं होती. भोईरदादांनी मला हाताला धरून नेलं आणि प्रत्येक खुर्चीपाशी थांबून ओळख करून दिली. वाक्य एकच. “या आमच्या म्याडम. यांनीच सांगितलेला का कंपनी उघडनार.” व्याह्यांना सांगितलं, भटजींना सांगितलं, मंडपवाल्याला सांगितलं. जुने कामगार तोंडावर रुमाल धरून हसत होते. मी प्रत्येक वेळी नमस्कार करत होते. माझ्या कर्तबगारीची इतकी जाहिरात लछमनसेठनीसुद्धा कधी केली नव्हती.

शेवटी त्यांनी मला जेवणाच्या पंगतीशी आणलं. वाढपावर देखरेख करत त्यांची आत्या बसली होती. नाकात मोठी नथ, ऐकायला थोडी कमी. भोईरदादांनी तिच्या कानाशी वाकून मोठ्याने तेच वाक्य म्हटलं. आत्याने माझ्याकडे निरखून पाहिलं.

“मंग?” ती म्हणाली. “उघडली का?”

पंगत वाढणारे हात थांबले. मी म्हटलं, “नाही उघडली.”

आत्याने मान डोलावली, शेजारची पत्रावळ माझ्यापुढे ओढली आणि तिच्यावर तांदळाच्या दोन भाकऱ्या टाकल्या.

“बस,” ती म्हणाली. “जेव.”